गोधडीला झोळ येऊ नये म्हणून

जुन्या सुती साड्यांची गोधडी कडेकडेने शिवत आत आलं की मधले थर सरकतात आणि पोटात झोळ येतो. दोन गोधड्या अशा बिघडल्यावर मी शिवायची पद्धतच बदलली.

१. थर जमिनीवर अंथरा, चारही कोपऱ्यांवर डाळीचे भरलेले डबे ठेवा. त्या दहा मिनिटांपुरता कूलर बंद. नागपूरच्या मे महिन्यात जिवावर येतं, पण त्या झोतात साडी जागेवर राहत नाही.

२. तळहाताने मधून कडेकडे सुरकुत्या सारा. कडेला उरलेलं कापड आत ढकलू नका, झोळ तिथूनच सुरू होतो. कापून टाका.

३. आता लांब कच्चे टाके. आधी मधोमध अधिक चिन्ह, मग त्याच्या दोन्ही बाजूंना वीतभर अंतरावर ओळी, नेहमी मधून बाहेर. दोरा भडक, वेगळ्या रंगाचा घ्या, मी लाल घेते. नंतर उसवताना पटकन दिसतो.

एवढं झालं की गोधडी गुंडाळून ठेवा. मग रोज दुपारी मांडीवर घेऊन थोडी थोडी धावदोऱ्याने शिवा, थर हलत नाहीत. उन्हाळ्यात धरली तर डिसेंबरच्या थंडीपर्यंत आरामात होते. घामाने सुई निसटली तर बोटांना जरा पावडर लावायची.

नवं कापड लावणार असाल तर आधी भिजवून, धुऊन, वाळवून घ्या. नाहीतर पहिल्याच धुण्यात ते आटतं आणि सगळी गोधडी चुरगळते. आणि उठताना सुया मोजा हो, लेकरं त्यावरच लोळतात.