वंशावळ मांडताना: कोणता कागद कुठे मिळतो आणि कुठे फसवतो

घराण्याचा अभिमान सांगायला सगळेच तयार असतात, पण पणजोबांच्या वडिलांचं नाव विचारलं की बहुतेक घरांत गाडी अडते. वंशावळ मांडायची असेल तर एक नियम सुरुवातीलाच पाळा: बाप-लेकाचं प्रत्येक नातं कशाच्या आधारावर लिहिलं, ते त्या नावापुढेच नोंदवा. 'आत्याने सांगितलं', 'फेरफार क्र. अमुक', 'शाळेचा दाखला' एवढं पुरे. आधार न लिहिलेली नावं दोन वर्षांनी तुम्हालाच पारखी वाटतील.

घरातून सुरुवात

पहिला फेरा घरातच मारा. जुन्या तांब्या-पितळेच्या भांड्यांवर घातलेली नावं आणि तारखा, लग्नपत्रिका, जन्मपत्रिका, फोटोंच्या मागची शाई, जमिनीची खरेदीखतं, सगळं मोबाइलवर टिपून ठेवा. श्राद्धाची तिथी विचारा. तीवरून वर्ष कळत नाही, पण महिना, पक्ष आणि तिथी पक्की मिळते. ज्या घरात तर्पण अजून चालतं तिथे बाप, आजा, पणजा आणि आईकडच्याही तीन पिढ्यांची नावं उपाध्यायांच्या किंवा घरच्या टिपणात सापडू शकतात.

म्हाताऱ्या माणसांना 'आपले पूर्वज कोण?' असं विचारलं तर उत्तर शिवकाळात जातं. त्याऐवजी 'तुमच्या लग्नात घरात किती जावा होत्या?', 'वाटण्या कधी झाल्या, कोणाच्या वाट्याला कोणतं शेत आलं?' असं विचारा. घरातल्या जुन्या सुनांना हे जास्त अचूक आठवतं, कारण नात्यागोत्याचा हिशेब त्यांनीच सांभाळलेला असतो. त्यांच्याच माहेरचं नाव आणि गाव वंशावळीत नसेल तर ती वंशावळ अर्धीच. सुनेचं माहेर आणि लेकीचं सासर यांसाठी पहिल्याच दिवशी रकाने पाडा.

महसुली कागद

शेती असलेल्या घराण्यासाठी याहून चांगला पुरावा नाही. आजच्या सातबाऱ्यावरचे फेरफार क्रमांक उतरवून घ्या आणि एकेक फेरफार (जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद, गाव नमुना ६) मागे मागे काढत जा. तुम्हाला हवी ती वारस नोंद. खातेदार मयत झाला की त्याची बायको, मुलं, कधीकधी मुली आणि त्यांची वयं एका जागी येतात. जुने अभिलेख तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात मिळतात. स्कॅन झालेले असतील तर 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावरही. अर्जात गाव, तालुका, सर्व्हे नंबर आणि अंदाजे वर्षं लिहा. 'आमचे सगळे जुने कागद द्या' असा अर्ज केला तर काही मिळत नाही.

इथे तीन ठिकाणी घोटाळा होतो. एक, १९४७ च्या जमीन एकत्रीकरण कायद्यानंतर गावोगावी गट पडले आणि सर्व्हे नंबर बदलले. गट नंबर घेऊन १९३० चा कागद शोधाल तर दुसऱ्याच घराण्याची जमीन हाती येईल. जुना सर्व्हे नंबर आणि नवा गट नंबर यांचा मेळ दाखवणारं पत्रक आधी मागा. दोन, वारस नोंद मृत्यूनंतर दहा-पंधरा वर्षांनीही झालेली असते, म्हणून फेरफाराची तारीख ही मृत्यूची तारीख समजू नका. तीन, 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. असा शेरा असेल तर थोरल्या भावाचं एकट्याचंच नाव लागतं आणि धाकटे भाऊ कागदातून गायब होतात. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता, अल्पवयीन वारसाचा पालक. तिथे नाव असलेली व्यक्ती आईच असेल असं नाही, चुलताही असतो. मुलींची नावं १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याआधीच्या वारस नोंदींत सहसा नसतात. ती नाहीत म्हणून मुली नव्हत्या असं लिहू नका.

गाव नमुना १४, म्हणजेच कोतवाल बुक, यात गावातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात. शाळेच्या जनरल रजिस्टरमधून जात, गाव आणि वडिलांचं नाव मिळतं. मात्र तिथली '१ जून' ही जन्मतारीख मनावर घेऊ नका. दाखल करताना तारीख माहीत नसली की गुरुजी हीच टाकत, म्हणून एका वर्गात अर्धी मुलं १ जूनची सापडतात.

मोडी आणि जुन्या सनांचं गणित

एकोणिसाव्या शतकात शिरलात की कागद मोडी लिपीत येतात. मोडीत शब्द सलग लिहिलेले असतात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा पाळलेला नसतो, त्यामुळे नाव ओळखायला सवय लागते. पुराभिलेख विभागाचे मोडी वर्ग होतात. सगळं शिकायला वेळ नसेल तर निदान आपलं आडनाव, गावाचं नाव आणि पुढचे चार शब्द ओळखायला शिका: 'बिन' आणि 'वलद' म्हणजे अमुकाचा मुलगा, 'कोम' म्हणजे अमुकाची बायको, 'मौजे' म्हणजे गाव. बाकीचं जाणकाराकडून वाचून घ्या. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधामुळे मोडी वाचणाऱ्यांची मागणी वाढली आहे, तेव्हा दर आधी ठरवा आणि लिप्यंतरासोबत मूळ पानाचा फोटोही मागा. तो असला की शंका आल्यावर दुसऱ्याकडून ताडून पाहता येतं.

सनांचा हिशेब असा. शके अधिक ७८ म्हणजे इसवी सन. जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९ मिळवा. शके १८०० चा माघ म्हणजे १८७९ सालची सुरुवात. फसली या महसुली सनात ५९० मिळवा, जानेवारीनंतर ५९१. पण मराठवाड्यातल्या निजामी कागदांत फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू होतं, इतरत्र पावसाळ्याच्या तोंडाशी, त्यामुळे जून ते सप्टेंबरच्या नोंदी एका वर्षाने चुकतात. त्या भागातले जुने दस्त उर्दूतही असतात. पेशवाईतले कागद अरबी सनात, तेही अंक अक्षरांत लिहून: 'सलास सबैन मया व अलफ' म्हणजे ३, ७०, १०० आणि १०००, एकूण ११७३. त्यात ५९९ मिळवा, की १७७२ च्या जूनपासूनचं वर्ष आलं. असे कागद पुण्याच्या पुराभिलेखागारातल्या पेशवे दप्तरात असतात. वतन किंवा इनाम असलेल्या घराण्यांनी तिथे नक्की जावं. बाकीच्यांनी तिथे वेळ घालवण्याआधी गावचे फेरफार संपवावेत.

तीर्थोपाध्याय आणि हेळवी

नाशिक, त्र्यंबकेश्वर, गया, काशी, प्रयाग इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत तुमच्याच पूर्वजांनी सांगितलेली किंवा स्वहस्ते लिहिलेली नावं असतात. जाताना मूळ गाव, जुनं संस्थान किंवा परगणा, आडनाव आणि ठाऊक असलेली दोन-तीन नावं चिठ्ठीवर न्या. कोणाकडे कोणती गावं, यावर उपाध्याय ठरतो, म्हणून नुसत्या आडनावावर शोध लागत नाही. दक्षिणा आणि फोटोची परवानगी आधी बोलून घ्या. परतण्यापूर्वी आपल्या पिढीची नोंद करा, लेकी-सुनांसकट.

कोल्हापूर, सांगली, सोलापूर, बेळगाव पट्ट्यात हेळवी घरोघर येऊन वंशावळ वाचतात. त्यांच्या वह्यांत शाखा फुटून गाव सोडल्याच्या नोंदी मिळतात, ज्या सरकारी कागदात नसतात. पण सहा-सात पिढ्यांच्या वरची नावं, विशेषतः थेट एखाद्या राजवंशाला जाऊन भिडणारी, 'परंपरेने' असा शेरा मारून वेगळ्या रंगात लिहा. गोव्यातल्या घराण्यांना कोमुनिदादींच्या, म्हणजे गावची सामायिक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या ग्रामसंस्थांच्या, वह्यांत गावकारांची (त्यांच्या वंशपरंपरागत सदस्यांची) नावं सापडतात. शिवाय कुलदैवत मूळ कोणत्या गावचं, हे विचारलं की स्थलांतराचा धागा लागतो. मंगेशीचं मूळ स्थान कुठ्ठाळी, हे त्याचं ठळक उदाहरण.

मांडणी

नातवाला आजोबांचं नाव ठेवण्याच्या रीतीमुळे 'राणोजी विठोजी' आणि 'विठोजी राणोजी' आलटून पालटून येतात आणि दोन राणोजी एकच समजले जातात. प्रत्येक व्यक्तीला वेगळा क्रमांक द्या: मूळपुरुष १, त्याची मुलं १.१, १.२, पुढे १.२.१. ताळा म्हणून एका पिढीला साधारण २५ ते ३० वर्षं धरा. बाप-लेकात १५ हून कमी किंवा ६० हून जास्त अंतर आलं तर मधली एखादी पिढी गळली आहे किंवा दोन माणसं एक झाली आहेत. दत्तक मुलाला दोन्ही वडिलांखाली दाखवा, पण क्रमांक एकच द्या आणि जनक घराण्याकडे तुटक रेषा काढा. आडनाव बदललेलं असणारच: पाटील, कुलकर्णी, देशमुख ही वतनाची नावं, '-कर' गावावरून. मूळ उपनाव सापडलं तर दोन्ही लिहा.

आधी ए-३ कागदावर पेन्सिलने काढा, मग ग्रॅम्प्ससारख्या वंशावळीच्या मोफत संगणक प्रणालीत भरा. ती देवनागरी नावं घेते. सगळ्या भाऊबंदांत वाटायच्या प्रतीतून हयात माणसांच्या पूर्ण जन्मतारखा आणि पत्ते काढून टाका, फक्त वर्ष ठेवा. पीडीएफ एकदा व्हॉट्सॲपवर गेली की ती परत येत नाही.