जोशी किती, कुठले अन् कोणते : एका आडनावाच्या नामवंतांची यादी बनवायची तर

मागच्या हिवाळ्यात आमच्या सासरकडच्या जोशी मंडळींचं कुलसंमेलन होतं, इथेच नागपुरात, धरमपेठेतल्या एका हॉलमध्ये, अन् दीडशे माणसांच्या गोळाभाताची जबाबदारी ज्यांच्यावर होती ते बरे सुटले म्हणायचे, कारण माझ्याकडे आलं फ्लेक्सचं काम. विषय काय तर "इतिहासातले नामवंत जोशी". मला वाटलं त्यात काय, गूगलवर टाकू, नावं घेऊ, फोटो उचलू, संपलं. फ्लेक्स लागला, लोकं समोर उभं राहून सेल्फी घेऊन राहिले, अन् दहाव्या मिनिटाला वर्ध्याकडचे काकाजी चष्मा वर सरकवून म्हणाले, "जावईबापू, हे शरद जोशी नव्हेत. मी त्यांच्या सभेले बंडीनं गेलो होतो."

बंडी म्हणजे आमच्याकडची बैलगाडी. अन् खरंच नव्हते. खाली लिहिलं होतं शेतकरी संघटनेचे शरद जोशी, अन् वर फोटो होता हिंदीतले व्यंग्यकार शरद जोशी यांचा. विदर्भात, कापूसवाल्यांच्या घरात, ही चूक! ती कशी झाली ते आधी सांगतो, कारण ही चूक कोणाचीही होऊ शकते. मी देवनागरीत "शरद जोशी" टाईप केलं, पण देवनागरी काय एकट्या मराठीची आहे का, हिंदीचीही तीच अन् नेपाळीचीही तीच, म्हणून शोधात हिंदीवाले आधी वर आले अन् मी पहिला फोटो डाऊनलोड करून मोकळा झालो. हिंदीतले शरद जोशी १९३१ ला उज्जैनला जन्मले, १९९१ ला गेले, टीव्हीवरची 'ये जो है ज़िंदगी' त्यांनीच लिहिलेली. आपले शरद जोशी १९३५ चे, साताऱ्याचे, स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती करायला आलेले, २०१५ ला गेले. दोघंही मोठेच, पण एकाच्या डोक्यावर दुसऱ्याची टोपी घातली की दोघांचाही अपमान. तेव्हा देवनागरीत शोधताना आडनावासोबत एखादा पक्का मराठी शब्द जोडायचा, "शेतकरी संघटना", "नाटककार", "कामगार चळवळ" असं काही. अर्धा कचरा तिथेच गळतो.

पण हे झालं मधलं काम. त्याच्या आधीचं काम, जे मी केलंच नाही, ते म्हणजे यादी आडनावाची आहे की घराण्याची हे ठरवणं. हे न ठरवता बसाल तर संमेलनात भांडण पक्कं. आमच्याकडे भीमसेन जोशींवरून झालं. आत्याबाई म्हणे ते गदगकडचे, कानडी घरातले, ते आपल्यात कसे. काकाजी म्हणे पुण्यात जन्म काढला त्यांनी, २००८ चं भारतरत्न, ते नाही तर कोण. आता बघा, जोशी हा शब्द ज्योतिषीवरून आलेला. पंचांग सांगणारा, मुहूर्त काढून देणारा तो जोशी. हे काम गावोगाव होतं, म्हणून आडनावही गावोगाव वेगवेगळं उगवलं, कुमाऊंत जोशी आहेत, गुजरातेत आहेत, कर्नाटकात आहेत, काठमांडूच्या नेवार लोकांतही आहेत. अन् आपल्याच महाराष्ट्रात दारोदार भविष्य सांगत फिरणारे कुडमुडे जोशीही जोशीच. यातल्या सगळ्यांचा एक मूळपुरुष शोधायला गेलात तर तो सापडायचा नाही, कारण तो नाहीच. देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, पाटील यांचंही हेच, हुद्द्यावरून पडलेली नावं. शेवटी "-कर" लावलेली आडनावं थोडी वेगळी, ती गावावरून येतात, पण एका गावातून चार जातींचे लोक निघाले तर चौघांचंही आडनाव एकच होऊ शकतं.

म्हणून माझं स्पष्ट मत, यादी आडनावाची करा अन् वर तसं मोठ्या अक्षरात लिहा, "आडनाव सारखं, नातं असेलच असं नाही". घराण्याची हवी असेल तर त्यासाठी कुलवृत्तांत असतात, वंशावळीसकट, ते वेगळं काम आहे अन् त्यात नामवंत निघतीलच याची गॅरंटी नाही. आमच्यात एक तहसीलदार निघाले.

आता नावं गोळा कशी करायची. सुरुवात मराठी विश्वकोशापासून करा, तो ऑनलाइन फुकट आहे अन् त्यात माणसांच्या नोंदी आडनाव आधी घालून असतात, म्हणजे "जोशी, लक्ष्मणशास्त्री बाळाजी" अशा, त्यामुळे एका आडनावाचे लोक एका रांगेत सापडतात. यात गंमत अशी की ज्यांची नोंद तुम्ही वाचून राहिले ते तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्रीच या विश्वकोशाचे प्रमुख संपादक होते. महादेवशास्त्री जोशींनी भारतीय संस्कृतिकोश केला तो निराळा, दहा खंडांचा. कोश करायची खोड जोशांनाच फार दिसते. जुन्या माणसांसाठी सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांचे चरित्रकोश आहेत, प्राचीन, मध्ययुगीन अन् अर्वाचीन असे तीन, ते हाताळायला नागपुरात बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीवर, विदर्भ साहित्य संघात चौकशी करा किंवा तुमच्या भागातलं जुनं वाचनालय गाठा. मी शेवटी एक अख्खा रविवार तसाच घालवला. नेटवर अडीच तासांत जे मिळालं नव्हतं ते पाऊण तासात मिळालं.

रोमन अक्षरात शोधत असाल तर स्पेलिंगं दोन-तीन तरी बदलून बघा. आनंदीबाई जोशी, १८८६ ला फिलाडेल्फियाच्या महिला मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झालेल्या, त्यांचं आडनाव तिकडच्या कागदांत शेवटी डबल ई लावून सापडतं, अमेरिकेतल्या पोकीप्सी गावच्या स्मशानभूमीतल्या त्यांच्या दगडावरही तसंच कोरलेलं आहे. आय लावून शोधाल तर हा माल निम्मा सुटतो. अन् उलटा धोका केरळचा, तिथे जोशी हे चक्क पहिलं नाव असतं, मल्याळम सिनेमाचे एक मोठे दिग्दर्शक आहेत जोशी नावाचे, आडनाव वगैरे काही नाही, नुसते जोशी. मी त्यांनाही यादीत घेऊन बसलो होतो.

काही माणसं मात्र आडनावाने शोधून सापडतच नाहीत, कारण लोकांनी त्यांचं आडनाव वापरलंच नाही. "सार्वजनिक काका" म्हटलं की इतिहासवाल्यांना कळतं, पण ते गणेश वासुदेव जोशी, १८७० ला पुण्यात सार्वजनिक सभा उभी करणारे अन् १८७७ च्या दिल्ली दरबाराला हातच्या सुताची खादी घालून गेलेले, हे आमच्या घरात एकालाही माहीत नव्हतं. म्हणून उपाध्या, टोपणनावं, बिरुदं यांची वेगळी यादी करून त्यामागचं आडनाव काय ते तपासायचं. समर्थ रामदासांचं आडनाव ठोसर, कुसुमाग्रजांचं शिरवाडकर, अन् आपल्या नागपूरच्या ग्रेसांचं गोडघाटे. ठोसरांच्या फ्लेक्सला पहिलं नाव शोधायची गरज नाही, बघा.

इनिशिअल्सचा घोळ तर विचारूच नका. माझ्या पहिल्या यादीत "ना. म. जोशी" अन् "एन. एम. जोशी" असे दोन कामगार नेते होते, अन् दोघांनी १९२० ला आयटक ही देशभरातली कामगार संघटना उभारण्यात भाग घेतला होता! एकच माणूस, नारायण मल्हार जोशी, १८७९ ते १९५५, मुंबईत लोअर परळला ज्यांच्या नावाचा रस्ता आहे ते. मराठी आद्याक्षरं अन् इंग्रजी आद्याक्षरं वेगळी दिसतात, म्हणून प्रत्येक नाव पूर्ण उलगडून लिहा मग यादी वर्णक्रमाने लावा, डुप्लिकेट आपोआप शेजारी येऊन बसतात. एस. एम. जोशी म्हणजे श्रीधर महादेव, चिं. वि. म्हणजे चिंतामण विनायक, चिमणराववाले.

अन् नाव उलगडताना मधलं नाव, म्हणजे वडिलांचं, ते सोडू नका, आपल्याकडची ही फार मोठी सोय आहे. वामन जोशी दोन आहेत, दोघंही लेखक, दोघंही साधारण एकाच काळातले. वामन मल्हार जोशी म्हणजे 'रागिणी' कादंबरीवाले, १९३० च्या मडगाव साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. वामन गोपाळ जोशी म्हणजे आपले अमरावतीचे वीर वामनराव, 'रणदुंदुभी' नाटकवाले, स्वातंत्र्यलढ्यातले. मधलं मल्हार की गोपाळ एवढाच फरक, अन् तो चुकला तर अमरावतीकर सोडणार नाहीत. मनोहर जोशींचंही तसंच, एक महाराष्ट्राचे मुख्यमंत्री, पुढे २००२ पासून लोकसभेचे अध्यक्ष, अन् त्याच वर्षांत दिल्लीत शिक्षणखातं सांभाळणारे मुरली मनोहर जोशी, मूळ अल्मोड्याकडचं घराणं, अलाहाबादेत फिजिक्स शिकवणारे. जुन्या बातमीत नुसतं "जोशी म्हणाले" असलं की तारीख, खातं सगळं बघावं लागतं. म्हणून प्रत्येक माणसापुढे तीन गोष्टी लिहायच्या, वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव, जन्मसाल, गाव. तिन्ही जुळल्या तरच फोटो चिकटवायचा. तीनपैकी एक जरी रिकामी राहिली तर नाव पेन्सिलीत ठेवा.

सालांबद्दल एक. दीडशे वर्षांपलीकडे गेलात की दोन पुस्तकं दोन सालं सांगतात. सोलापूरचे शाहीर राम जोशी, पेशवाईतल्या लावणीतलं मोठं नाव, त्यांच्या जन्ममृत्यूची सालं पुस्तकागणिक बदलतात. तिथे हट्टाने एक आकडा छापण्यापेक्षा "उत्तर पेशवाई" लिहिलं की झालं, फ्लेक्सवर कोणी तळटीप वाचत नाही.

जोशी सोडून नागपुरात कोणी भोसल्यांची यादी करायला घेतली, तर त्याला माझ्या शुभेच्छा. नागपूरच्या गादीवर रघुजी नावाचेच तीन. पहिले रघुजी, बंगालपर्यंत धडक मारणारे, १७५५ ला वारले. दुसरे १८०३ च्या इंग्रज-मराठा लढाईतले. तिसरे १८५३ ला औरस वारस नसताना गेले अन् डलहौसीने राज्य खालसा केलं. २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून जी तलवार परत आणली ती पहिल्यांची. म्हणून राजघराण्यांत नावापुढे पहिले-दुसरे-तिसरे लिहिल्याशिवाय पुढे जायचं नाही. पहिल्या रघुजींचा "फोटो" मिळाला म्हणून कोणी सांगत आलं तर चहा पाजून परत पाठवा, तेव्हा कॅमेरा नव्हता. हे घराणं छत्रपतींच्या थेट वंशातलं नाही, आडनाव मात्र तेच, तेव्हा एका चौकटीत कोंबू नका.

भोसल्यांतच आशाताईंचाही प्रश्न येतो. जन्म मंगेशकरांचा, आडनाव लग्नाचं, गाणं दोन्हीकडचं. बायकांच्या बाबतीत मी नियम असा केला की ज्या नावाने काम केलं ते नाव धरायचं, अन् माहेरचं आडनाव कंसात द्यायचं. नाहीतर अख्ख्या यादीत बाया दोनच निघतात अन् मग संमेलनातल्या पोरी विचारतात, का हो, आमच्यात कोणी काही केलंच नाही का.

कोणाला घ्यायचं, कोणाला गाळायचं, यात मी एकच बंधन पाळलं, सध्याच्या राजकारणातले लोक नाही घेतले, नाहीतर जेवणाआधीच दोन पार्ट्या. बाकी क्षेत्रं मिसळा. गुजराती कवी उमाशंकर जोशी, १९६७ चं ज्ञानपीठ. अरविंद जोशी, पुण्यात जन्मलेले, अमेरिकेत कॉम्प्युटरला भाषेचं व्याकरण कसं समजवावं यावर आयुष्य घालवलेले. अन् पोरांसाठी सुनील जोशी, हेही गदगचे, १९९९ ला नैरोबीत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध दहा ओव्हरमध्ये सहा रन देऊन पाच विकेट. सगळ्या फ्लेक्समध्ये पोरांनी तेवढं एकच वाचलं.

फोटोंचं काम सगळ्यात शेवटी ठेवा. आनंदीबाईंचं नाव टाकलं की सिनेमातल्या नटीचे फोटो आधी येतात, बघून घ्या. खरा एक प्रसिद्ध फोटो १८८५ चा, त्यात तिघी आहेत, एक जपानी, एक सिरियाची अन् साडीतल्या आपल्या आनंदीबाई, कापताना चूक करू नका. ज्यांचा फोटो नाही त्यांची चौकट रिकामी न ठेवता त्यांच्या कामातलं काहीतरी टाका, राम जोशींच्या जागी मी डफ टाकला अन् तो सगळ्यांना आवडला.

फ्लेक्सवाल्याकडे मजकूर टाईप करून पाठवू नका, त्यांच्याकडे अजून जुने मराठी फॉन्ट असतात, युनिकोड त्यात पेस्ट केलं की वेलांट्या, रफार सगळं इकडचं तिकडे होतं. पीडीएफ करून द्या. अन् द्यायच्या आधी साध्या कागदावर एक प्रिंट काढून घरातल्या दोन म्हाताऱ्या माणसांसमोर ठेवा, त्यातला एक तरी बंडीने सभेला गेलेला असावा.