नफा आहे, मग बँकेत पैसे का नाहीत? खेळत्या भांडवलातला बदल असा काढा

गोव्यात डिचोलीतला एक लहान काजू कारखाना धरू. वर्षाचा नफा ६ लाख, तरी बँकेतली शिल्लक ५ लाखांवरून २ लाखांवर आली. पैसा गेला कुठे, हे नफातोट्याच्या पत्रकात सापडणार नाही. त्यासाठी दोन वर्षांचे ताळेबंद शेजारी ठेवून बसावे लागते.

आधी चालू मालमत्तेतून (वर्षभरात रोखीत येणारी) चालू देणी (वर्षभरात फेडायची) वजा करा; उरते ते खेळते भांडवल. गेल्या ३१ मार्चला साठा १८, येणी (ग्राहकांकडची उधारी) १२, बँक ५, म्हणजे ३५ लाख, देणी ११, खेळते भांडवल २४ लाख. यंदा साठा २६, येणी १९, बँक २, म्हणजे ४७; देणी १६; खेळते भांडवल ३१ लाख. वाढ ७ लाखांची. साठा किंवा उधारी वाढली की पैसा तिथे अडकतो. देणी वाढली की तेवढा पैसा तूर्त आपल्याकडे राहतो.

आता नफ्यात घसारा, म्हणजे यंत्रांच्या झिजेपोटी धरलेला खर्च, परत मिळवा, कारण तो खर्च कागदावरचा; खिशातून काही जात नाही. नफा ६ अधिक घसारा २, असा धंद्यातून ८ लाखांचा निधी आला. त्यातले ७ लाख खेळत्या भांडवलात गेले, १ लाख मुदत कर्ज फेडण्यात. निधी प्रवाह, म्हणजे निधी कुठून आला आणि कुठे गेला याचा हिशेब, जुळला.

इथेच बरेच जण फसतात. सत्तरी तालुक्यातल्या बागायतदाराकडून रोखीने काजू बी घेतली, तर बँकेतले पैसे कमी होतात आणि साठा तेवढाच वाढतो. खेळते भांडवल जागचे हलत नाही, त्यामुळे निधी प्रवाहात हा व्यवहार दिसतही नाही. म्हणून रोखीचा हिशेब वेगळा मांडा: ८ लाखांतून साठ्याची वाढ ८, उधारीची वाढ ७ आणि कर्जाचा १ लाख वजा करा, देण्यांची वाढ ५ मिळवा. उत्तर उणे ३ लाख. बँकेतली घट नेमकी तेवढीच आहे.

तारीखही जपून निवडा. काजूचा हंगाम साधारण मार्च ते मे, म्हणजे ३१ मार्चला खरेदी अर्ध्यावरच असते. मे अखेरीस साठा फुगलेला असतो. तेव्हाचा हिशेब जरूर काढा आणि तो गेल्या वर्षीच्या मे अखेरशीच ताडून बघा.

माझ्या मते पहिला हात उधारीला घालावा. साठा हंगामाने ठरतो, उधारी आपण ठरवतो. कळंगुट, बागा भागातल्या दुकानांची येणी पाऊस लागण्याआधी वसूल करा. पर्यटक ओसरले की तिथला गल्लाही आटतो. कारखान्याची उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल तर बिलावर तो क्रमांक छापा. सूक्ष्म व लघू उत्पादकाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसल्यास १५ दिवसांत देणे २००६ च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग विकास कायद्याने ग्राहकावर बंधनकारक आहे. उशीर झाल्यास त्यावर चक्रवाढ व्याजही मागता येते.