प्याद्यांच्या अंतखेळात शिल्लक चालींचा हिशेब

बुद्धिबळात पाळी सोडता येत नाही, आणि प्याद्यांच्या अंतखेळात, म्हणजे राजे व प्यादीच उरलेल्या शेवटच्या टप्प्यात, अनेकदा ही सक्तीच निकाल ठरवते. पटावर (अक्षर म्हणजे उभी पट्टी, आकडा म्हणजे पांढऱ्याच्या बाजूने मोजलेली आडवी ओळ) पांढरा राजा एच५ व प्यादे जी४, काळा राजा एफ४ व प्यादे जी५ असे मांडावे. ज्याची पाळी असेल त्याच्या राजाला हलावे लागते आणि प्यादे गमवावे लागते. यालाच झुगझ्वांग म्हणतात. साहजिकच दोघेही इतरत्र उरलेल्या चाली खेळत राहतात आणि ज्याच्या चाली आधी संपतात तो हरतो. गणितज्ञ जॉन कॉनवे यांच्या कॉम्बिनेटोरियल गेम थिअरीचा, म्हणजे आळीपाळीने खेळल्या जाणाऱ्या खेळांच्या गणिताचा, मूळ नियम हाच असून, हार्वर्डचे गणितज्ञ नोम एल्कीस यांनी १९९६ मध्ये तो अंतखेळांना लावून दाखवला.

आता ए पट्टीवर समोरासमोर प्यादी ठेवून मधली रिकामी घरे मोजावीत. पांढरे ए३ विरुद्ध काळे ए६ असेल, तर घरे दोन, किंमत (म्हणजे शिल्लक चालींत पांढऱ्याची आघाडी) शून्य; पहिली चाल करणारा हरतो. ए३ विरुद्ध ए५ असेल, तर घर एकच. ते आधी घेणारा जिंकतो, आणि या किमतीला ‘स्टार’ म्हणतात.

खरी गंमत ए२ विरुद्ध ए५ मध्ये आहे, कारण पांढऱ्याचे प्यादे मूळ घरात असल्याने त्याला दोन घरांची उडीही घेता येते. काळ्याने आधी ए४ खेळल्यास पांढरा ए३ खेळून वाट बंद करतो. पांढऱ्याची पाळी असल्यास त्याने थेट ए४ खेळावे, कारण संथ ए३ ला ए४ हे उत्तर येते आणि डाव हातचा जातो. म्हणजे पाळी कोणाचीही असो, पांढराच जिंकतो. ही किंमत ‘अप’: शून्याहून मोठी, पण कोणत्याही धन संख्येहून लहान. याउलट सी२ व सी४ वरच्या पांढऱ्या प्याद्यांसमोर काळे प्यादे सी५ वर असेल, तर पांढऱ्याकडे सी३ ही एक हुकमी चाल उरते. एरवी नाके मुरडली जाणारी ही दुहेरी प्यादी येथे पूर्ण एक किमतीची ठरतात.

एकमेकांशी संबंध नसलेल्या पट्ट्यांच्या किमती मग बेरजेला घ्याव्यात. ‘अप’ला एक ‘स्टार’ जोडला, की पांढऱ्याची हमी संपते आणि पहिली चाल करणारा जिंकतो.

हिशेब करण्याआधी राजांची अंतरे मात्र तपासावीत. हीच कोंडी जी ऐवजी ई पट्टीवर, पांढरा राजा एफ५ व काळा राजा डी४ अशी मांडली, तर हरणारा काळा राजा लगेच ए पट्टीकडे धावतो, ए३ वरचे प्यादे मारतो आणि वजीर करण्याची शर्यत सुरू होते; तेथे या बेरजेचा उपयोग नाही.