मुघल धाटणीचे ट्युलिप: वसलीपासून परदाजपर्यंत

1620 मध्ये जहांगीर काश्मीरला गेला. तिथल्या 100 पेक्षा जास्त फुलांची चित्रे त्याच्या दरबारी चित्रकार उस्ताद मन्सूरने काढली, असे बादशहाने आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. त्यांतली मोजकीच उरली. त्यांपैकी लाल ट्युलिपचे चित्र अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या मौलाना आझाद ग्रंथालयात आहे. त्या धाटणीचे एक फूल काढायचे तर निम्मी मेहनत रंग उघडण्याआधीच होते.

वसली, म्हणजे ताव एकावर एक चिकटवून केलेला जाड कागद. 15 × 20 सेंमीचे सुती हातकागदाचे 4 ताव घ्या. 1 कप पाण्यात 2 मोठे चमचे मैदा शिजवून पातळ खळ करा. कसर लागू नये म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद घालतात. ते विषारी असते, म्हणून भांडे वेगळे ठेवा. एकेक ताव चिकटवताना मधली हवा मध्याकडून कडेला काढा. बुडबुडा राहिला तर पुढे घोटताना तिथेच पापुद्रा सुटतो. सपाट वजनाखाली दोन-तीन दिवस सावलीत वाळवा, मग अकीकाच्या (गुळगुळीत कठीण दगडाच्या) घोट्याने किंवा गुळगुळीत कवडीने घोटा. कागद तिरपा धरल्यावर सगळीकडे सारखी चमक दिसली की झाले.

रेखाटन. झाड समोरून, पूर्ण उंचीत, मोकळ्या पार्श्वभूमीवर उभे करा. ट्युलिपला 6 पाकळ्या असतात, तीन बाहेर आणि तीन आत. बाजूने पाहताना सगळ्या दाखवण्याचा हट्ट नको. गेरूच्या पातळ पाण्याने रेषा काढा. पेन्सिलची काळी रेघ फिक्या रंगाखालून डोकावत राहते. त्यावर सफेद्याचा (पांढऱ्या रंगाचा) दुधाळ, पातळ हात द्या. गेरूची रेष अंधूक दिसली पाहिजे.

रंग. पूर्वी लालसाठी हिंगूळ, पिवळ्यासाठी हरताळ वापरत. एकात पारा, दुसऱ्यात आर्सेनिक, म्हणून घरी ते नकोत. चांगले गॉश (अपारदर्शक जलरंग) पुरेत. सुके रंग घेतलेत तर बाभळीचा डिंक दुप्पट कोमट पाण्यात रात्रभर भिजवून गाळा. वाळलेल्या रंगावर बोट फिरवा: रंग बोटाला लागला तर डिंक कमी, तडा गेला किंवा चकाकी आली तर जास्त. हिरवा निळ्या-पिवळ्यातून करा. जुन्या चित्रांतला जंगार, म्हणजे तांब्याचा हिरवा, कागद पोखरतो. पानांच्या जागी मागून तपकिरी डाग उठतात.

पाकळीला आधी सफेद्यात लाल मिसळून फिका सपाट थर द्या. पूर्ण वाळल्यावर चित्र काचेवर पालथे ठेवून मागून घोटा. रंग कागदात बसतो आणि पुढची रेष फिसकटत नाही. ओलसर असताना घोटलेत तर रंग काचेला चिकटून येतो. असे दोन-तीन वेळा करा.

परदाज, म्हणजे बारीक रेघांनी छटा देणे. फूल जिवंत होते ते इथेच. कृत्रिम केसांचा 000 नंबरचा ब्रश घ्या (मुंगसाच्या केसांचे ब्रश बेकायदा आहेत). रंगात बुडवून टोक कागदाच्या तुकड्यावर जवळजवळ कोरडे करा. मग देठाकडून टोकाकडे, शिरांच्या दिशेने, दोन-तीन मिलिमीटरच्या रेघा शेजारी-शेजारी टाका. तळाशी दाट, मध्ये विरळ, टोकाला पुन्हा थोड्या. एकेका पाकळीला तास लागला तरी घाई करू नका. एकाच जागी ब्रश वारंवार फिरवला की खालचा थर सुटून चिखल होतो. थांबा, वाळू द्या. पानांना निळसर राखी हिरवा ठेवा, कडा लाटेसारखी वळवा आणि उलटलेला भाग एका छटेने फिका करा.

बाह्यरेषा त्याच रंगाच्या गडद छटेने ओढा. काळ्याने ओढली तर फूल कापून चिकटवल्यासारखे वाटते. रेष पाकळीच्या वळणाशी जाड, टोकाशी केसाइतकी बारीक. शेवटी पुन्हा एकदा मागून हलका घोटा द्या.