रीफ टँकमधल्या या चुका टाळा: आधी मोजा, मग हात घाला

रीफ टँकमध्ये, म्हणजे घरच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये, कोरल (प्रवाळ) दोन दिवस मिटून बसलं की बहुतेकांचा हात आधी एखाद्या बाटलीकडे जातो. कॅल्शियम घालून बघू, आयोडीन घालून बघू, लाइट थोडा वाढवून बघू. तिन्ही एकदम केलं की आठवड्याने कोरल आणखी खराब दिसतं आणि नेमकं कशाने बिघडलं, ते सांगता येत नाही. माझं मत विचाराल तर घरच्या रीफ टँकमध्ये मूळ दोषापेक्षा घाईच्या दुरुस्तीनेच जास्त जीव जातात. काहीही बिनसलं की सगळ्यात आधी सॅलिनिटी (खारटपणा), तापमान आणि अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पेलण्याची ताकद) या तीन गोष्टी मोजा. हे आकडे हातात येईपर्यंत बाटलीचं झाकण उघडू नका.

खारटपणा हळूच चढतो

सगळ्यात साधी आणि सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. टँकमधून वाफ होऊन जातं ते फक्त पाणी, मीठ मागेच राहतं. म्हणून कमी झालेलं पाणी भरून काढायचं ते गोड्या, शुद्ध पाण्याने. खाऱ्या पाण्याने नाही. समजा 100 लिटरच्या टँकमधून आठवड्याला 5 लिटर पाणी उडतं आणि तुम्ही तेवढंच 35 पीपीटीचं (हजार भागांत 35 भाग मीठ) खारं पाणी ओतता. दर आठवड्याला खारटपणा साधारण पावणेदोनने वाढतो, म्हणजे चार आठवड्यांत 35 चे 42 होतात. मासे एखाद वेळ निभावून नेतील, पण कोळंबी, गोगलगायी आणि कोरल नाही. गंमत म्हणजे पातळी रोज बरोबर दिसत असल्याने संशयही येत नाही.

दुसरा घोटाळा मोजण्यात होतो. प्लास्टिकच्या तरंगत्या काट्याच्या हायड्रोमीटरला बुडबुडे चिकटले की तो चुकीचं सांगतो. प्रकाशाच्या वक्रीभवनावरून खारटपणा सांगणारा रिफ्रॅक्टोमीटर बरा, पण तो शुद्ध पाण्यावर शून्य दाखवतो एवढ्यावर विसंबू नका. 35 पीपीटीचं तयार कॅलिब्रेशन द्रावण मिळतं, त्यावर जुळवा. शून्याशी बरोबर असलेला रिफ्रॅक्टोमीटर 35 पाशी दोनेक अंकांनी चुकलेला असू शकतो. आणि आकडा चुकलेला निघालाच, तर एका दिवसात सरळ करू नका. दिवसाला फार तर 1 पीपीटी.

पाणी आरओचं, शक्यतो पुढे उरलेसुरले क्षार काढणारं डीआय रेझिन लावलेलं, विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्य दाखवणारं हवं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन एकवेळ उडून जाईल, पण फॉस्फेट, सिलिकेट आणि पाइपातून येणारं तांबं कुठे जाणार? मीठ मात्र वेगळ्या बादलीत, पंप लावून नीट विरघळवा आणि तापमान टँकइतकं झालं की मग वापरा. जिवंत टँकमध्ये थेट मीठ टाकणारे लोकही आहेत. कोरलवर पडलेला मिठाचा खडा तिथली ऊती जाळतो.

टँक भरला म्हणजे तयार झाला असं नाही

पाणी काचेसारखं नितळ दिसतं म्हणून पहिल्याच आठवड्यात मासे सोडले जातात. अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. तो खाऊन नायट्राइट आणि पुढे नायट्रेट बनवणारे जिवाणू दगडांवर, वाळूत वस्ती करायला साधारण 4 ते 6 आठवडे घेतात. खात्री करायची सोपी रीत अशी: मासे नसताना पाण्यात सुमारे 2 पीपीएम (दहा लाख भागांत 2) अमोनिया घाला. 24 तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, तर सायकल, म्हणजे या जिवाणूंची वस्ती, पूर्ण झाली.

त्यानंतर काचेवर, वाळूवर तपकिरी भुकटी येते. ती डायटम या सूक्ष्म शैवालाची, आणि जवळपास प्रत्येक नव्या टँकमध्ये येते. तिच्यासाठी काहीही करू नका.

पीएचच्या मागे धावू नका

सकाळी लाइट लागण्याआधी पीएच 7.8 आणि संध्याकाळी 8.2 असेल तर टँक आजारी नाही. रात्री प्रकाशसंश्लेषण थांबतं, कार्बन डायऑक्साइड साठतो, पीएच उतरतो. घर बंद असेल तर आणखी उतरतो. अशा वेळी पीएच बफरची पावडर टाकली की पीएच थोडा वेळ वर जाऊन पुन्हा खाली येतो, पण अल्कलिनिटी चढलेलीच राहते. चार दिवसांत ती 8 वरून 12 डीकेएचवर (हे अल्कलिनिटीचं माप) गेली की अ‍ॅक्रोपोरासारख्या नाजूक कोरलची टोकं पांढरी पडायला लागतात. खिडकी उघडली असती तरी पुरलं असतं.

अल्कलिनिटी 7 ते 11 डीकेएचमध्ये कुठेही चालते, ती जागची हलता कामा नये. दिवसाला 1 डीकेएचपेक्षा जास्त बदल नको. डोस किती द्यायचा, हे बाटलीवर वाचून ठरत नाही. तीन दिवस काहीही न घालता रोज ठरावीक वेळी मोजा. समजा पहिल्या दिवशी 8.6 आणि तिसऱ्या दिवशी 8.0 आलं, तर तुमचा टँक रोज 0.3 खातो. तेवढंच परत द्यायचं. आकडा विचित्र वाटला तर आधी टेस्ट किटची मुदत बघा आणि पुन्हा मोजा.

अल्कलिनिटी आणि कॅल्शियमचे डोस एकामागोमाग एकाच जागी ओतले तर पाण्यात दुधासारखा पांढरा ढग उठतो. दोन्ही मिळून कॅल्शियम कार्बोनेट झालं आणि हीटरवर, पंपावर जाऊन बसलं. दोन डोसमध्ये अंतर ठेवा, जोराच्या प्रवाहात सोडा. तरीही अल्कलिनिटी टिकत नसेल तर मॅग्नेशियम तपासा. ते 1250 ते 1350 पीपीएमच्या बरंच खाली असेल तर बाकीच्या दोघांना पाण्यात धरून ठेवणं अवघड जातं.

पाणी अति स्वच्छ

नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर आणणं म्हणजे यश, असा एक समज आहे. कोरललाही खायला लागतं. नायट्रेट 2 ते 10 पीपीएम, फॉस्फेट 0.03 ते 0.1 पीपीएम असू द्या. दोन्ही शून्य झाले की डायनोफ्लॅजेलेट्स (थोडक्यात डायनो) या सूक्ष्म जीवांना रान मोकळं मिळतं: तपकिरी, शेंबडासारखे धागे, टोकाला बुडबुडे, दिवसा वाढणारे आणि रात्री बरेचसे गायब होणारे. सायनोबॅक्टेरिया वेगळे. ते लालसर चादरीसारखे असतात आणि पूर्ण पापुद्रा एकदम उचलला जातो. हा फरक ओळखल्याशिवाय उपाय करू नका. डायनोवर वारंवार पाणी बदललं तर प्रकरण बहुधा चिघळतंच. शंका असेल तर साध्या सूक्ष्मदर्शकाखाली एक थेंब बघा.

पांढरं कोरल मेलेलंच असतं का?

नाही. कोरलच्या ऊतीत राहणारी झूझँथेली नावाची सूक्ष्म शैवालं त्याला बरंचसं अन्न पुरवतात. नवा एलईडी पहिल्या दिवसापासून पूर्ण ताकदीने लावला किंवा पाणी तापलं की कोरल ती शैवालं बाहेर टाकतं. याला ब्लीचिंग म्हणतात. जवळून बघा: पांढऱ्या सांगाड्यावर पारदर्शक ऊती आणि हलणारे पॉलिप दिसत असतील तर ते जिवंत आहे. लाइट कमी करा, बारीक खाणं द्या आणि काही आठवडे जागेवरून हलवू नका. ऊतीच नाहीशी होऊन कोरडा सांगाडा उघडा पडत असेल तर ते दुखणं वेगळं. तिथे आधी अल्कलिनिटी, मग प्रवाह, मग किडी तपासा. पसरत असेल तर चांगला तुकडा छाटून वेगळा लावणं हा बहुतेक वेळा शेवटचा उपाय.

रात्री टँकचा लाइट बंद झाल्यावर टॉर्च घेऊन एकदा टँक बघाच. युफिलिया, गॅलॅक्सिया ही कोरल मंडळी रात्री लांब डंखाचे धागे सोडतात. एकाच बाजूने जळलेल्या कोरलचं गूढ अशा वेळी उकलतं.

मासे: रूपावर भाळू नका

ब्लू टँग बोटभर असताना गोंडस दिसतो, पण तो 30 सेंटिमीटरपर्यंत वाढतो. मँडरिन मासा कोपेपॉड या बारीक कवचधारी जीवांवर जगतो, त्यामुळे नव्या टँकमध्ये तो हळूहळू उपाशी मरतो. क्लाउनफिशला अ‍ॅनिमोन (समुद्रफूल) लागतोच असं नाही. उलट अ‍ॅनिमोनला मुरलेला टँक लागतो आणि आवडली नाही तर तो जागा बदलतो, कधी थेट पंपाच्या पंख्यात.

अंगावर मिठासारखे पांढरे ठिपके दिसले की तांब्याचं औषध टँकमध्ये ओतलं जातं. तांब्याने कोळंबी, गोगलगायी, कोरल मरतात, आणि ते दगडात मुरून राहतं. उपचार नेहमी वेगळ्या टँकमध्ये करा. ठिपके आपोआप गेले म्हणून हायसं वाटून घेऊ नका. हे ठिपके आणणारा परजीवी, क्रिप्टोकॅरिऑन, माशावरून उतरून वाळूत, दगडावर कोष करतो आणि कितीतरी पटीने वाढून परततो. म्हणून मुख्य टँक साधारण 76 दिवस बिनमाशांचा ठेवतात.

लांबून पिशवीत आलेल्या माशाला दोन तास थेंबथेंब पाणी देत बसणं हीसुद्धा चूकच. प्रवासात पिशवीतला पीएच उतरलेला असतो, म्हणून साठलेला अमोनिया कमी विषारी रूपात असतो. पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया घातक होतो. क्वारंटाइनचं, म्हणजे नवा मासा आधी वेगळा ठेवायच्या टँकचं, पाणी आधीच पिशवीच्या सॅलिनिटीला जुळवा, तापमान सारखं करा आणि मासा लगेच हलवा.

कोरल घेताना टँकमध्येच वाढवलेला फ्रॅग, म्हणजे छाटलेला छोटा तुकडा, मागा, तो घरच्या पाण्यात लवकर रुळतो. कठीण कोरल साइट्स (CITES) या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट 2 मध्ये येतात आणि काही देशांचे कायदे त्याहून कडक आहेत, त्यामुळे कागदपत्रं बघितल्याशिवाय व्यवहार करू नका.

दोन धोके तुमच्यासाठीही

झोअँथिड आणि पॅलिथोआ या बटणांसारख्या मऊ कोरलसदृश जीवांत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असू शकतं. त्यांना छाटताना हातमोजे आणि चष्मा घाला, आणि ते वाढलेला दगड साफ करायला कधीही उकळू नका. वाफेतून विष श्वासात गेल्याने अख्खी कुटुंबं रुग्णालयात दाखल झालेली आहेत.

दुसरा धोका विजेचा. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन वर न्या, म्हणजे ओघळलेलं पाणी झोळाच्या तळाशी गळून पडेल. हीटरचा थर्मोस्टॅट अडकून तो चालूच राहू शकतो, म्हणून वेगळा कंट्रोलर लावा. वीज गेली की तापमानाआधी ऑक्सिजन संपतो: बॅटरीवरचा एअर पंप सुरू करा आणि खाणं बंद ठेवा. सम्प (टँकखालची पाण्याची जोडटाकी) असेल तर टँक भरल्याच्या दिवशीच रिटर्न पंपाचं, म्हणजे पाणी परत वर चढवणाऱ्या पंपाचं, बटण मुद्दाम बंद करून उभे राहा. वरचं पाणी उलटं खाली येतं. ते सम्पमध्ये मावत नसेल तर रिटर्न पाइपाला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली छोटं भोक पाडा, आणि शेवाळाने ते बुजत नाही ना, हे काच पुसताना बघत जा.