उंच पेटीचं जुनं घड्याळ घेण्याआधी काय तपासायचं

वाडा पाडायला निघाला की मराठवाड्यात कधीमधी माणसाहून उंच, जमिनीवर उभं राहणारं लंबकाचं घड्याळ विकायला येतं. मालक चावी देऊन टोल ऐकवतो आणि घेणारा तिथेच भुलतो. टोल शेवटी ऐका. यंत्र आणि पेटी मुळात एकमेकांची आहेत का, हे आधी ठरवा. एकाची पेटी न् दुसऱ्याचं यंत्र अशी जोडी फार सापडते आणि तिची किंमत निम्म्याहून खाली येते.

लंबक थांबवा, खालच्या दारातून वजनं काढा, मग वरची टोपी, म्हणजे तबकडी आणि यंत्र झाकणारा पेटीचा सुटा भाग, पुढे ओढा आणि लंबक उतरवा. आठ दिवसांच्या, म्हणजे एकदा चावी दिली की आठ दिवस चालणाऱ्या, घड्याळात एकेक वजन साडेपाच-सहा किलोचं असतं. ती लटकत असताना यंत्र ओढलं तर पेटीच अंगावर येते. वजनं निघाली की ती जिला लटकतात ती तात सैल पडते, म्हणून ती ढोलावर (तात गुंडाळली जाते त्या यंत्रातल्या नळकांड्यावर) चिकटपट्टीने धरून ठेवा.

आता बॅटरी लावून यंत्राखालची फळी बघा. ती पेटीच्या दोन्ही बाजूंवर टेकते. तिथे ठिगळं, उंची वाढवायला घातलेल्या पट्ट्या, रिकामी भोकं दिसली तर शंका घ्या. नुसती फळी नवी असेल तर घाबरू नका, ती किडते म्हणून बदलतात. पण तबकडीची कडा टोपीच्या चौकटीखाली दडलेली किंवा भोवती फट असेल, तर जोडी बहुधा जुळवलेली आहे. पाठीमागे प्लायवूड असेल तर पाठ नंतरची.

रंगवलेल्या तबकड्या इंग्लंडात साधारण 1770 नंतर आल्या, त्याआधी पितळेच्या. रंगाला बारीक तडे असणं चांगलं. काळा आकडा तड्यावरून सलग गेला असेल तर तो नंतर गिरवलाय. चावीची भोकं दोन दिसली म्हणून आठ दिवसांचं समजू नका. तीस तासांच्या काही घड्याळांना नुसती दिखाऊ भोकं असतात. मागे ढोल आहेत का बघा.

झीज आपल्याकडे जास्त. माळवदाची पांढरी माती बारीक झडत राहते, तेलात कालवते आणि पितळ घासते. वर कुणी खोबरेल सोडलेलं असेल तर ते चिकट होऊन बसतं. चाक बोटाने हळूच मागेपुढे करा: आस भोकात डुलत असेल तर भोक लांबट झालंय, बुश (भोकात बसवायच्या पितळी कड्या) घालावे लागतील. टिकटिक करवणाऱ्या, जहाजाच्या नांगरासारख्या तुकड्याच्या दोन टोकांवरून नख फिरवा. खाचेत अडकलं तर खर्च धरा. वजन मुळाहून जड लावलेलं असेल तर बहुतेक वेळा ही झीज दडवलेली असते.

पेटीचा पाया टोचून बघा, वाळवी शहाबादी फरशीच्या सांध्यातून तिथेच शिरते. पोकळ वाजलं तर भाव पाडा. जुनं पॉलिश मात्र खरवडू देऊ नका.

सगळं परत लावून लंबक सोडा. सेकंदाच्या लंबकाची, म्हणजे ज्याचा एकेक झोका एका सेकंदाचा त्याची, प्रभावी लांबी (टांगल्या जागेपासून जवळपास गोळ्याच्या मध्यापर्यंत) साधारण 99.4 सेंटिमीटर, मिनिटाला टिक-टॉक मिळून 60 ठोके. 'टिक' आणि 'टॉक' मधलं अंतर सारखं नसेल तर पेटी तिरकी उभी आहे किंवा लंबकाला ढकलणारा दांडा वाकलाय. मिनिटकाटा पुढेच फिरवा, दर तासाला थांबा, टोल पुरे होऊ द्या. घरी आणल्यावर पेटी भिंतीला स्क्रूने बांधा. हलणाऱ्या पेटीत चांगलं यंत्रही बंद पडतं.